विमानात माणसं किती

३ नोव्हेंबर

सामान लागलं. म्हणजे भांडी कपाटात गेली, पुस्तकं अजून खोक्यांत आहेत, आणि नकाशे मात्र सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढले. घर टायरच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, जिन्यात रबराचा वास, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट धावपट्टी दिसते. या खिडकीपायी मी बदली मागून घेतली हे इस्पितळात कुणाला सांगितलेलं नाही. औषधभांडारातल्या मंडळींना वाटतं, बाई हवापालटासाठी आल्या. तसं ते खोटंही नाही.

विमान चालवण्याचा परवाना पर्समध्ये आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाला, म्हणून असेल, तो जागेवर आहे ना हे मी दिवसातून दोनदा उघडून बघते. आज फ्लाइंग क्लबात जाऊन आले. एक हँगर, एक टेबल, एक काळा फोन आणि दोन सीटचं छोटं विमान. त्याला सगळे चिमणी म्हणतात. इथल्या प्रशिक्षकांना मास्तर म्हणतात. त्यांनी माझी कागदपत्रं बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, परवाना म्हणजे शिकायला परवानगी, बाई, आता खरं शिकायचं. क्लबचा नियम साधा आहे. आधी एकटीने लांब पल्ल्याच्या फेऱ्या करायच्या, नकाशावर आखून, दुसऱ्या धावपट्टीवर उतरून परत यायचं. मास्तरांचं समाधान झालं की मगच शेजारी माणूस बसवायचा.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिने बजावून सांगितलं की ताई, पहिली प्रवासी मी, दुसऱ्या कुणाला बसवलंस तर तोंड बघणार नाही. काळा चष्मासुद्धा घेऊन ठेवलाय म्हणे. तिला मिनीबसमध्येही गरगरतं, याची मी आठवण करून दिली. ती म्हणाली, वर वळणं कुठे असतात.

९ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो दोन दिवस तसाच आहे. मी हातात ताट घेऊन जेवते.

पहिली फेरी पलीकडच्या धावपट्टीपर्यंत. मध्ये एक मोठा तलाव, त्याच्या आधी सिमेंट कारखान्याची दोन धुराडी, नंतर रेल्वेचा पूल. पेन्सिलने सरळ रेघ मारली. या खुणा वाटेत एकामागून एक खाली दिसल्या की आपण रस्त्यावर आहोत. वारा बाजूने असेल तर विमानाचं नाक किती तिरकं ठेवायचं, पेट्रोल किती लागेल, माझं वजन, बॅगेचं वजन, सगळं मांडलं. औषधभांडारात आमची रीत आहे, मात्रा एकाने मोजायची आणि दुसऱ्याने न बघता पुन्हा मोजायची. इथे दुसरं कुणी नाही, म्हणून मीच दोनदा केलं, दुसऱ्या वेळी पहिला कागद उलटा ठेवून. उत्तर तेच आलं. फार बरं वाटलं. हिशेब जुळल्याचा आनंद मला नेहमी प्रमाणाबाहेर होतो.

मास्तरांनी फोनचं महत्त्व पुन्हा घोकून घेतलं. निघण्याआधी नियंत्रण कक्षाला कळवायचं: कुठून, कुठे, कधी पोचणार, विमानात माणसं किती. उतरल्यावर पहिलं काम फोन करून पोचल्याचं सांगायचं. तो फोन गेला नाही तर ते शोध सुरू करतात. त्यांच्या एका विद्यार्थ्याला असंच सगळं आकाश शोधत होतं आणि पठ्ठ्या कँटीनमध्ये पाव खात बसला होता. माणसांचा आकडा कशाला, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, किती जण सापडले की शोध थांबवायचा हे कळायला नको का.

१५ नोव्हेंबर

पहिली फेरी झाली.

एक चूक झाली, ती आधी लिहून टाकते.

सकाळी फोनवर नियंत्रण कक्षातल्या गृहस्थांनी सगळं विचारलं. आवाज वयस्कर, सावकाश. शेवटी त्यांनी विचारलं, माणसं किती. मी म्हटलं, दोन.

शिकत असताना दर वेळी दोनच असायची, मी आणि शिकवणारे. जिभेला तीच सवय. लक्षात आलं ते तलावावर पोचल्यावर. खाली पाणी पत्र्यासारखं चमकत होतं, मी सहज उजवीकडे बघितलं, रिकामी सीट दिसली आणि मोठ्याने हसू आलं. उतरल्यावर दुरुस्त करू, असं ठरवलं.

उतरणं छान झालं. पलीकडची धावपट्टी म्हणजे एक पट्टी, एक पांढरी खोली, खोलीत बाक, भिंतीवर फोन आणि कोपऱ्यात चहा करणाऱ्या मावशी. फोन लावला. गृहस्थांनी विचारलं, दोन्ही माणसं सुखरूप? तेव्हाच सांगायचं होतं की अहो, मी एकटीच आहे. पण पहिल्याच फेरीला माणसं मोजता आली नाहीत असं मास्तरांच्या कानावर गेलं असतं. मी म्हटलं, हो. लाइनवर माझाच हो परत ऐकू आला, जुन्या फोनवर येतो तसा.

परत निघतानाही घोळ. आता एक म्हणावं तर ते विचारणार, दुसरं माणूस कुठे राहिलं. दोन आली तर दोन परत जायला हवीत. म्हणून पुन्हा दोन सांगितलं. क्लबात परतल्यावर पुन्हा विचारणा, पुन्हा हो.

खोट्याला शेपूट फुटतं ते असं. पण यात कुणाचं काय गेलं? मी स्वतःला हे दोनदा विचारलं. कुणाचंच काही नाही.

मास्तर खूश. धाकटीला कळवलं. ती म्हणाली, लवकर उरक, माझा चष्मा धूळ खातोय.

२२ नोव्हेंबर

दुसरी फेरी, तोच मार्ग. या वेळी फोनवर एक म्हटलं, स्पष्ट. गृहस्थ म्हणाले, आज एकट्याच? गेल्या वेळच्या बाई नाहीत वाटतं सोबत.

बाई असल्याचं मी कधी सांगितलं होतं? आठवून बघितलं. नाही सांगितलं. अंदाजाने म्हणाले असतील. बाईबरोबर बाई असेल, असं कुणालाही वाटेल.

चिमणी आज लवकर उचलेना. एरवी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीपाशी चाकं जमीन सोडतात. आज नळी मागे गेली, गवत कापणाऱ्याची खोली मागे गेली, तेव्हा कुठे उचलली. वर चढतानाही कुथत होती. आणि उजवा पंख सारखा खाली. सगळा वेळ हँडल डावीकडे धरून मनगट दुखलं. असं कधी होतं ते मला ठाऊक आहे. शिकताना रोज व्हायचं. शेजारी माणूस बसलं की होतं.

कारणं शोधली. हवा गरम असेल. एका बाजूच्या टाकीत पेट्रोल जास्त असेल. उतरल्यावर टाक्यांत मोजपट्टी बुडवून बघितलं, दोन्हीकडे सारखं होतं, फक्त मी मांडलं होतं त्यापेक्षा जास्त खर्च झालं होतं. माझं गणित चुकलं असेल. घरी येऊन तिसऱ्यांदा केलं. चुकलेलं नाही.

मेकॅनिकला सांगितलं. त्याने इंजिन उघडलं, चाकं फिरवली, सगळं ठीक आहे म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, गावातलं पाणी मानवलंय मॅडमना. सगळे हसले. मीही हसले.

एक गोष्ट मी त्याला बोलले नाही. रिकाम्या सीटचा पट्टा आम्ही लावून ठेवतो, लोंबकळत राहू नये म्हणून. तो सीटवर सैल पडलेला असतो. आज तलावावर असताना तो ताठ होता. सीटपासून वीतभर वर, गोल, जणू कुणाच्या पोटावरून गेलाय.

२३ नोव्हेंबर

खाली टायरच्या दुकानात मोठा वजनकाटा आहे. मालकांची परवानगी काढून त्यावर उभी राहिले. वजन तेच, परवान्याच्या तपासणीला होतं ते. मालक म्हणाले, घासाघीस चालत नाही हो ताई, काटा सरकारी आहे.

म्हणजे माझं वजन वाढलेलं नाही.

मी दमले असेन का? इस्पितळात जास्त काम पडतंय. दमलेल्या माणसाला ताठ पट्टा दिसू शकतो. पण दमल्याने पेट्रोल जास्त लागत नाही.

२९ नोव्हेंबर

आज जाणार नव्हते. पण मास्तर म्हणाले, ही शेवटची, मग बहिणीला बोलवा. धाकटीला किती दिवस ताटकळत ठेवायचं. गेले.

जड. पुन्हा तितकीच जड.

धुराडी मागे पडेपर्यंत मी उजवीकडे बघितलं नाही. शेजारच्या सीटचे हेडफोन हुकाला टांगलेले असतात. त्यांचा माइक जवळ आवाज झाला तरच उघडतो, नाहीतर माझ्या कानात शांतता. तलाव आला आणि टक् असा आवाज होऊन तो उघडला. पुढे बराच वेळ श्वास ऐकू येत होता. घाईचा नाही. आरामात बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी माझा श्वास रोखून धरला, माझाच असेल म्हणून. तो चालूच राहिला. मग मी हात लांबवून त्या हेडफोनची वायर उपसून काढली.

वायर माझ्या मांडीवर होती. श्वास कानात होता.

कशी उतरले ते नीट आठवत नाही. पांढऱ्या खोलीत बाकावर बसले. मावशींनी चहा आणला. दोन कप. एक माझ्यासमोर ठेवला, एक शेजारी. मी विचारलं, हा कुणाचा. त्या म्हणाल्या, तुमच्याबरोबरच्या ताई कुठे गेल्या, आत्ता तुमच्या मागोमाग उतरल्या की. बहीण का तुमची? अगदी तुमच्यासारख्याच दिसतात, उभं राहणंसुद्धा तसंच.

मी म्हटलं, कुणी नाही. मावशी जरा रागावल्या. म्हणाल्या, माझे डोळे अजून शाबूत आहेत, बाई. पहिल्या दिवशीही त्या आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या, तुम्ही फोनवर दोघींसाठी हो म्हणेपर्यंत आत पाऊल टाकेनात.

परतीची वाट कशी कापली ते लिहीत नाही. उजवीकडे बघितलं नाही, एवढंच.

१ डिसेंबर

नियंत्रण कक्षाला फोन केला. खरं सांगून टाकलं: पंधरा तारखेला मी एकटी होते, दोन म्हणाले ती सवयीची चूक, कृपा करून दुरुस्त करा.

गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, बाई, दोन निघाली, दोन पोचली, ते काम मिटलं. आता एक कमी करायचं म्हणजे ती हरवली असं म्हणायला लागेल. हरवली म्हटली की मला शोध सुरू करावा लागतो. करू का?

मी नको म्हटलं.

ते म्हणाले, आणि त्या दिवशी मी सुखरूप का असं विचारलं तेव्हा तुम्ही दोघींनी हो म्हटलं होतं. एक जरा आधी, एक जरा मागून. मी ऐकलंय.

४ डिसेंबर

मास्तरांनी सही केली. पाठ थोपटून म्हणाले, आता तुमची शेजारची सीट मोकळी. धाकटीने तिकीट काढलंय. परवा संध्याकाळी पोचणार, दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं.

मी तिला येऊ नकोस म्हटलं. आधी हसली. मग म्हणाली, ताई, माझी लाज वाटते का तुला. तिला काय सांगू? दोनच सीट आहेत गं, आणि एका सीटवर कुणीतरी आधीच बसलंय. तू कुणाच्या मांडीवर बसणार?

ती येणारच. लहानपणापासून तिला नाही म्हटलं की ती हटकून करते.

५ डिसेंबर

विचार करून करून एवढंच सुचतं. मी दोन म्हटलं म्हणून ती आली. दोघी पोचल्या म्हटलं म्हणून आत आली. दोघी परत निघाल्या म्हटलं म्हणून घरी आली. तिला जागा माझ्या तोंडून मिळाली. तर काढायचीही तशीच.

उद्या सकाळी, धाकटी यायच्या आत, एकटीने जायचं. निघताना दोन सांगायचं. पलीकडे उतरून सांगायचं, एकच पोचली. दुसरी तिथेच राहील, हरवलेल्यांत. ते शोध सुरू करतील, तलाव ढवळतील, शेवटी खोटेपणा माझ्यावर येईल. परवाना जाईल. जाऊ दे. पर्समध्ये काही नसलं तरी चालेल, पण शेजारच्या सीटवर धाकटी सुखरूप —

नाही. ती विमानात बसायलाच नको. परवाना गेला की तोही प्रश्न मिटला.

यात काही चुकतंय का? दोनदा तपासलं. दुसऱ्या कुणाला दाखवता आलं असतं तर बरं होतं.

६ डिसेंबर

पांढऱ्या खोलीत बसून लिहितेय. रोजनिशी बॅगेत होती म्हणून.

निघताना दोन म्हटलं. वाटेत श्वास. धुराड्यांपासून पुलापर्यंत. तलावावर गुणगुणल्यासारखं. धाकटी लहानपणी झोपत नसे तेव्हा मी जे गुणगुणायचे, ते.

उतरले. फोन लावला. ठरल्याप्रमाणे म्हटलं, एकच पोचली. गृहस्थ म्हणाले, अरेरे. मग म्हणाले, पोचली तिचं नाव सांगा.

मी तोंड उघडायच्या आधी नाव सांगितलं गेलं. माझं नाव. माझ्या आवाजात, माझ्या कानाशी. माझे ओठ मिटलेले होते.

ते म्हणाले, ठीक, बाई, दुसरीचा शोध सुरू करतो.

मी ओरडले. अहो ती मी नव्हे. त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. ते हॅलो हॅलो म्हणत राहिले. कुणी बोलत नाहीये, असं शेजारच्याला म्हणाले.

मावशींनी चहा आणला. एकच कप. माझ्यासमोरून नेला. खिडकीपाशी ती उभी होती तिला दिला. माझं निळं जाकीट, माझी पर्स. मावशी म्हणाल्या, आज तुमची बहीण नाही आली? ती म्हणाली, उद्या यायचीय, तिला पहिल्यांदा बसवायचंय.

मी मावशींचा हात धरला. त्यांनी माशी झटकावी तसा झटकला.

चिमणीचा पंखा फिरतोय. डावीकडे ती. उजवी सीट रिकामी, पट्टा सैल. मी धावले, काचेवर हात आपटले. तिने नकाशा मांडीवर घेतला, माझी पेन्सिल कानामागे अडकवली — मी तशीच अडकवते —

उचलली. कापडी नळीच्याही आधी. किती हलकी. एका माणसाचं वजन.

शोधाचं विमान तलावाकडे चाललंय. मला शोधायला. मी इथे आहे. इथे बाकावर —

फोन उचलतेय, धाकटीचा नंबर फिरवतेय. लागला. ती हॅलो म्हणतेय. कोण बोलतंय म्हणतेय. मागे गाडीच्या भोंग्याचा आवाज, निघालीय घरून — ती हसतेय, ताई असशील तर बोल ना, म्हणतेय — धाकटे, येऊ नकोस, ती मी नव्हे, शेजारी बसू नकोस, फोनवर विचारतील माणसं किती, तू दोन म्ह